भूक भागल्यावर

परवा जुनी हार्ड डिस्क चाळताना माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममधलं माझं एक विसरलेलं वर्ल्ड, म्हणजे त्यात मी घडवलेलं जग, सापडलं आणि मी ते उघडलं. टेकडीच्या पोटात कोरलेलं माझं घर जसंच्या तसं होतं. भिंतीला लागून पेट्यांच्या रांगा, प्रत्येक पेटीवर पाटी लावलेली: लोखंड, कोळसा, दगड, लोकर, बी-बियाणं. मागच्या अंगणात आयर्न फार्म, म्हणजे आपोआप लोखंड देणारी रचना, आपलं आपण चालू होतं, शेतात गावकरी गहू कापून पुन्हा पेरत होते, अंगावर हिऱ्याचं चिलखत होतं. मी घरातून एक फेरी मारली, दोन-तीन पेट्या उघडल्या आणि काहीच न काढता बंद केल्या. गच्चीवर जाऊन सूर्यास्त पाहिला. अंधार पडल्यावर खाली झॉम्बी घुटमळायला लागले, त्यांचं गुरगुरणं वरपर्यंत येत होतं आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं. थोड्या वेळाने मी गेममधून बाहेर पडले. बिघडलेलं काहीच नव्हतं, तरी दिवसभर काहीतरी टोचत राहिलं.

कारण याच वर्ल्डमधली पहिली रात्र मला अजून लख्ख आठवते. या गेममधला अख्खा दिवस २० मिनिटांचा असतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं. कोळसा सापडला नव्हता, त्यामुळे मशाल नव्हती. सूर्य कलला तशी घाईघाईने हातानेच टेकडीत एक भोक पाडलं, आत शिरले आणि मातीचा एक ठोकळा लावून तोंड बंद केलं. पडदा पूर्ण काळा. आपण कुठे तोंड करून उभे आहोत तेही कळेना. बाहेर कुणीतरी चालत होतं, थांबत होतं, कण्हत होतं. सकाळ झाली हे ओळखायचं कसं, हा प्रश्न मला त्या काळोखात उभं राहिल्यावर पडला. शेवटी एक ठोकळा काढून बघायचं ठरवलं, तेव्हा जीव खरोखर मुठीत होता. पुढे त्या वर्ल्डमध्ये मी किल्ले बांधले, बोगदे खणले, पण त्या भोकात उभं असताना मी जितकी जागी होते तितकी पुन्हा कधीच नव्हते.

मग मध्ये नेमकं काय संपलं?

तेव्हापासून मी ओपन वर्ल्ड सर्व्हायव्हल गेम, म्हणजे मोकळ्या जगात हवं तिथे फिरत जीव जगवायचे गेम, शोधत आले आहे, आणि हा शोध वरकरणी वाटतो तितका सोपा नाही. असे गेम ढिगाने निघतात. झाड तोडा, कुऱ्हाड करा, चूल पेटवा, भिंत उभी करा, पुढची कुऱ्हाड करा. पहिले काही तास बहुतेक सगळेच छान असतात, कारण हातातोंडाची गाठ पडण्याचा झगडा कुठल्याही जगात रंगतोच. प्रश्न येतो तो पोट भरल्यावर. घर झालं, बेगमी झाली, पाणी गाळण्याची सोय झाली. आता हे जग माझ्याकडे काय मागतं? बऱ्याच गेमना इथे उत्तर सुचत नाही, आणि ते तेच काम मोठ्या आकड्यांत करायला लावतात. दहा लाकडांऐवजी शंभर लाकडं. याला खेळणारे ग्राइंड म्हणतात.

सुरुवातीला मला वाटायचं, गेम जितका गुंतागुंतीचा तितका तो टिकेल. म्हणून मी भूक-तहान दाखवणाऱ्या पडद्यावरच्या पट्ट्या मोजायचे. 'ग्रीन हेल'मध्ये मनगटावरचं घड्याळ कार्बोहायड्रेट, प्रथिनं, मेद आणि पाणी असे चार वेगवेगळे हिशेब दाखवतं. ॲमेझॉनच्या जंगलात चालता चालता थांबून आपलेच हात-पाय उलटसुलट करून बघायचे, जळवा लागल्या असतील तर उपटायच्या, जखमेला पाला बांधायचा. याने अंगावर जो शहारा येतो तो खरा आहे आणि मला तो फार आवडतो. पण पट्ट्या वाढल्या म्हणजे खोली वाढते असं नाही, हे हळूहळू लक्षात आलं. चार पट्ट्या चार वेगळ्या वाटांनी भरायच्या असतील, तर ती फक्त चार कामं झाली. खोली येते ती एका नियमाचा धक्का दुसऱ्याला लागतो तेव्हा. 'कॅटॅक्लिझम: डार्क डेज अहेड' हा स्वयंसेवकांनी मिळून वाढवलेला, फुकट मिळणारा गेम दिसायला अक्षरांची आणि चौकोनांची जाळी आहे. पण त्यात थंडी वाजते म्हणून कपड्यांवर कपडे चढवले की अंग अवघडतं. जाड हातमोजे घातले की बंदुकीत गोळ्या भरायला जास्त वेळ लागतो. ऊब आणि चपळाई यांच्यात निवड करावी लागते, आणि ती निवड बर्फ पडत असताना दारात उभं राहून करायची असते. कपडे घालणं इतकं गंभीर काम असू शकतं हे मला त्या चौकोनांच्या जाळीने शिकवलं.

या बाबतीत माझ्या मनात सगळ्यात वरची जागा आहे ती 'अनरिअल वर्ल्ड'ची. फिनलंडच्या सामी मारानेनने हा गेम १९९२ साली पहिल्यांदा बाहेर काढला आणि त्यावरचं काम तीस वर्षं उलटून गेली तरी थांबवलेलं नाही. लोहयुगातला उत्तरेचा प्रदेश, साधी चित्रं, खालून वर सरकणारी वाक्यं, आणि शेवट असा नाहीच. त्यात पहिल्यांदा एल्क नावाचं मोठं हरीण मारलं ते बर्फात स्कीवर त्याचा माग काढत. जनावर आपल्यापेक्षा वेगाने पळतं, पण ते दमतं. आपणही दमतो, आणि अंगावर जितकं ओझं तितके लवकर दमतो. म्हणून जास्तीचं सामान वाटेत ठेवून द्यायचं, पावलांचे ठसे धरायचे, जनावर दिसेनासं झालं तरी मागे लागून राहायचं. एका क्षणी ते उभंच राहिलं. त्याला पळवत नव्हतं. मला आनंद झाला आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं, आणि या दोन्ही गोष्टी गेममध्ये कुठेही लिहिलेल्या नव्हत्या. खरा पेच त्यानंतरचा. इतकं मांस टिकवायचं कसं? वाळवायचं तर त्याला थंडीचा मोसम लागतो. धुरावर धरायचं तर चुलीसकट लाकडी घर हवं. कातडं पडून राहिलं तर सडतं. म्हणजे शिकार कधी करायची हे ऋतू ठरवतो, ऋतू हुकला तर घर आधी बांधावं लागतं, आणि घर बांधायला जे दिवस जातात त्या दिवसांत खायचं काय हा प्रश्न उरतोच. कुणी मला कामांची यादी दिली नव्हती. ती यादी बर्फाने आणि त्या एल्कने मिळून तयार केली होती.

लहानपणी दोन खुर्च्यांवर चादर टाकून आम्ही भावंडं तिच्याखाली बसायचो. बाहेर पाऊस असला तर अधिकच मजा. टॉर्च लावायची, काहीतरी खायला आत न्यायचं आणि बाहेर वादळ आहे असं समजून कुजबुजत बोलायचं. त्या चादरीने कशापासूनही रक्षण होत नव्हतं, पण आत आणि बाहेर असा भेद झाल्याबरोबर अंगात एक ऊब यायची. मला वाटतं सर्व्हायव्हल गेमचं निम्मं सुख तिथलं आहे. आडोशाचं सुख. आणि ते बाहेर काहीतरी आहे तोवरच टिकतं.

हे सुख ज्यांना नेमकं कळलं त्यांच्यात 'व्हॅलहाइम'चं नाव मी आधी घेईन. स्वीडनमधल्या पाच जणांच्या चमूने तो फेब्रुवारी २०२१ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आणला आणि महिन्याभरात त्याच्या ५० लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्यात घरात चूल पेटवली की धूर होतो, आणि धुराला वाट ठेवली नाही तर आपलाच जीव गुदमरतो. म्हणून छपराला धुराडं काढावं लागतं, पण त्यातून पाऊस आत येऊन चूल विझता कामा नये. एवढ्यासाठी मी एक अख्खी संध्याकाळ छपराच्या उतारावर घालवली आहे आणि ती संध्याकाळ मला वाया गेली असं वाटत नाही. घर जितकं नीटनेटकं, जितकी अंथरुणं-बैठका-शेकोटी, तितकी विश्रांती जास्त वेळ पुरते. आणि भुकेचं तर त्यांनी सगळं गणितच उलटं केलंय. तिथे उपाशी राहून मरण येत नाही. खाल्लं की ताकद वाढते, न खाल्लं की आपण कमकुवत राहतो, इतकंच. त्यामुळे जेवण हा दंड चुकवण्याचा मार्ग न राहता सफरीची तयारी होते. दलदलीत उतरायचंय, मग काय खाऊन निघायचं?

पण व्हॅलहाइममधला मला सगळ्यात आवडणारा नियम वेगळाच आहे, आणि तो अनेकांना जाचक वाटतो. तिथे पोर्टल बांधून क्षणात एका जागेहून दुसऱ्या जागी जाता येतं, पण मूळच्या नियमांनुसार कच्चं खनिज आणि धातू त्या पोर्टलमधून नेता येत नाहीत. तांबं, कथील, लोखंड जहाजात भरून समुद्रावरून आणावं लागतं. (नंतर वर्ल्ड सुरू करताना हा नियम शिथिल करण्याची सोय त्यांनी दिली. मी ती वापरत नाही.) या एका अडवणुकीने अख्खा समुद्र जिवंत होतो. वारा समोरून असला तर शीड उतरवायचं आणि वल्ह्यांवर रखडत जायचं. लोखंडाने भरलेलं जहाज, रात्र, पाऊस, लाटांनी वर-खाली होणारं क्षितिज, आणि मध्येच पाण्यात एक लांबलचक पाठ दिसते. समुद्रसर्प. जहाज फुटलं तर दलदलीतल्या तळघरांमधून उपसलेला सगळा माल तिथेच तरंगत राहणार. पोर्टलने हा प्रवास एका क्षणात झाला असता. मला तो आठवलाही नसता.

सुखासीनतेला किंमत लावायची ही युक्ती 'द लाँग डार्क'ने तर सरळसरळ नियमात बसवली आहे. कॅनडातल्या हिंटरलँड स्टुडिओचा हा गेम २०१४ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आला, २०१७ मध्ये पूर्ण झाला. झॉम्बी नाहीत, राक्षस नाहीत. वीज गेलेली, ग्रेट बेअर नावाचं बर्फाळ बेट, लांडगे, आणि थंडी. मूळच्या नियमांनुसार मेलात तर मेलात, सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, पुसली जाते. साहजिकच माणूस काय करतो? एक बरीशी केबिन बघतो, मासे, सरपण आणि डबे साठवतो आणि आत बसून राहतो. मीही बसले. मग एके दिवशी गेमने सांगितलं की मला केबिन फीव्हर झालाय. घरात फार दिवस कोंडून घेतल्यामुळे आता चार भिंतींच्या आत झोप लागणार नाही. बाहेर हिमवादळ घोंघावत होतं, आणि मला माझ्याच घरातून निघायचं होतं. त्या वेळी मी मनापासून चिडले. इतक्या कष्टाने जमवलेली ऊब कोण कुठला नियम काढून घेतो! पण बाहेर पडले, बर्फ झेलत एका गुहेच्या तोंडाशी आग पेटवली, आणि कोळशाने भोवतालचा नकाशा काढायला घेतला. वर कावळे घिरट्या घालत होते, म्हणजे जवळ कुठेतरी मेलेलं जनावर असणार. कितीतरी दिवसांनी मी आकाशाकडे बघत होते.

याच गेमच्या इंटरलोपर नावाच्या कठीण पातळीवर रायफल सापडतच नाही आणि दिवस जातात तसं जग अधिकाधिक गार होत जातं. चाकूसुद्धा भट्टीवर ठोकून करायचा. त्यासाठी भंगार लोखंड, दगडी कोळसा आणि जड हातोडा गोळा करायचा, आणि भट्ट्या मोजक्याच ठिकाणी. साठवलेलं पुरणार नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. ते जग कधीच माझं होत नाही, आणि म्हणूनच त्याचा कंटाळा येत नाही.

अर्थात झिजणारी आणखी एक गोष्ट असते, जी कुठल्याच पट्टीवर दिसत नाही. आपलं अजाणपण. 'सबनॉटिका' पहिल्यांदा खेळताना मला हे फार तीव्रतेने जाणवलं. परग्रहावरचा समुद्र, सुरुवातीला ४५ सेकंदांचा श्वास, हातात बंदूक नाही आणि गेममध्ये नकाशाही नाही. उथळ पाण्यात निळा-हिरवा उजेड, प्रवाळ, रंगीत मासे. मग तळ एकदम खचतो आणि खाली फक्त काळं पाणी. तिथे जायचंच असतं, कारण हवं ते खनिज तिथेच आहे. कोसळलेल्या अवकाशयानाच्या मागच्या गढूळ पाण्यात पहिल्यांदा एका अजस्र प्राण्याची आरोळी ऐकली, आणि काही दिसायच्या आत पोटात गोळा आला. २०१८ मध्ये पूर्ण झालेलं ते जग हाताने घडवलेलं आहे, प्रत्येक दरी कुणीतरी ठरवून तिथे ठेवली आहे, म्हणून ते इतकं नेमकं घाबरवतं. आणि म्हणूनच दुसऱ्यांदा तसं घाबरवू शकत नाही. मी पुन्हा खेळले तेव्हा ती आरोळी कुठून येणार ते मला ठाऊक होतं. वाईट वाटलं, पण तक्रार नाही. काही गेम एकदाच असतात.

म्हणून मी आता गेमची सगळी माहिती देणारी विकी उघडत नाही. अगदी अडले तरीही. कुठल्या बेरीने विषबाधा होते हे वाचून कळलं, तर ते झुडूप नुसतं एक चित्र होऊन जातं.

नुसता आकार किती कमी पुरतो हे 'नो मॅन्स स्काय'ने २०१६ साली दाखवलं. १८ वर १८ शून्यं लिहावीत इतके ग्रह त्यात आहेत, आणि तरी पुढची कित्येक वर्षं त्यात घरं, वाहनं, सोबत खेळणं हे सगळं भरत राहावं लागलं, तेव्हा त्या ग्रहांवर थांबावंसं वाटायला लागलं. उलट 'केन्शी'चं वाळवंट बोट लावून मोजता येईल असं, ८७० चौरस किलोमीटर. पण तिथे आपण कुणीच नसतो. मार खाऊन मातीत पडलो की पुढच्या वेळी थोडा जास्त मार सोसता येतो. आणि सर्व्हरवर चालणारे, अनोळखी माणसांसोबत खेळायचे गेम, 'रस्ट'सारखे, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण ते माझे नाहीत. त्यात आपण लॉग आउट केलं तरी आपलं शरीर तिथे झोपलेलं राहतं, आणि दुसरी माणसं जागी असतात. इतकी रखवाली माझ्या आयुष्यात मावत नाही.

मावण्याचा विषय निघालाच तर आणखी एक गोष्ट मनात येते. ज्या रात्री मी गेममधल्या भुकेने कासावीस होते, त्या रात्री माझं जेवण झालेलं असतं, अंगावर पांघरूण असतं. ज्यांना खरोखर सरपण आणि पाणी आणायला वणवण करावी लागते त्यांना हा खेळ सुचणार नाही. हे मला कळतं आणि कधीकधी अस्वस्थही करतं. पण तरीही मी त्याकडे निव्वळ करमणूक म्हणून बघू शकत नाही. एरवी माझ्या दिवसात कामाचा आणि फळाचा संबंध इतका लांबचा असतो की तो दिसतच नाही. तिथे मी ओंडका फोडते आणि त्या ओंडक्याने मला ऊब मिळते. हे सरळ नातं मी विसरू नये असं मला वाटतं, आणि ते मला आठवून देणारी दुसरी जागा सध्या माझ्याकडे नाही.

कुणी विचारलं की सखोल, दीर्घकाळ धरून ठेवणारा गेम ओळखायचा कसा, तर मी त्याची चित्रं आणि वैशिष्ट्यं बघायला सांगत नाही. तो खेळलेल्या दोन माणसांना विचारा की तुमच्यासोबत काय घडलं. 'प्रोजेक्ट झोम्बॉइड' घ्या. १९९३ सालचं, अमेरिकेतलं केंटकी, सगळीकडे झॉम्बी, आणि सुरुवातीलाच गेम सांगून टाकतो की ही तुमच्या मरणाची गोष्ट आहे. माझी एक मैत्रीण आणि मी, दोघींनी तो खेळला. काही दिवसांनी वीज जाते, कधी ते ठरलेलं नसतं. फ्रिजमधलं अन्न नासायला लागतं. जनरेटर मिळाला तरी त्याची जोडणी कशी करायची ते सांगणारं मासिक आधी शोधून वाचावं लागतं. मैत्रिणीला ते मासिक मिळालं, तिने जनरेटर आवाज नको म्हणून घरातच ठेवला, आणि त्याच्या धुराने ती झोपेत गेली. मला मासिक कधी मिळालंच नाही. मी अंधारातच राहिले, अंगणात कोबी लावला, पावसाचं पाणी पिंपांत धरलं, आणि एका दुपारी फुटक्या खिडकीतून आत चढताना काचेने हात कापला, रक्त थांबवायला चिंधी शोधत बसले आणि मागचं दार उघडं राहिलं. आम्ही दोघी हे एकमेकींना सांगत होतो तेव्हा तिचं घर, माझं घर, तिची चूक, माझं दार, काहीच सारखं नव्हतं, आणि तरी आम्हाला एकमेकींचं सगळं कळत होतं. तिने त्याच रात्री नवं पात्र सुरू केलं. या वेळी ती गावात न राहता नदीच्या बाजूला जाणार होती, मासे धरून राहायचं म्हणत होती, आणि माझा तिच्याशी वाद चालला होता की गळ आणि दोरी न घेता निघणं शहाणपणाचं नाही.